रजेचं कारण

रजेच्या अर्जात एक रकाना असतो : कारण.
एकवीस वर्षांत तो मी कधी रिकामा सोडला नाही.
नणंदेचं बाळंतपण.
सासऱ्यांचा मोतीबिंदू, आधी डावा, मग उजवा.
हर्षलची दहावी. हर्षलची पुन्हा दहावी.
आईचे दिवस.

परवा पेन तिथेच अडलं.
देवरे म्हणाले, लिहा हो गांगुर्डे मॅडम, ताप लिहा,
नवरात्र तोंडावर आलंय, गडाच्या जादा गाड्या लागतील,
मग कोण देतंय तुम्हाला रजा?
ताप नव्हता.
घोट्यावर सूज होती.
अंगठ्याने दाबली की खळगा पडायचा
आणि पुढचा थांबा येईपर्यंत तसाच राहायचा.

*

पाऊस गेला असं कुणी म्हणत नाही अजून.
पण दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेलं पाणी
उतरून त्याच्या पायाशी आलंय,
घाटावरच्या गाळाला भेगा पडल्यात
आणि रामकुंडावर पितरांची गर्दी आहे.
सगळे गेलेल्यांना जेवू घालतायत.
मीही घातलं. वडे, खीर, गवार-भोपळा, कढी.
कावळा लगेच शिवला.
मी जेवले तेव्हा साडेचार वाजले होते,
उभ्यानेच, ओट्याला टेकून.

*

दिंडोरी रोडला छाटणी लागलीय.
काल हिरव्यागार होत्या त्या बागा
आज नुसते खांब, तारा, काड्या,
आणि मधून आरपार दिसणारा डोंगर,
जो तिथे होता हे मी विसरलेच होते.

पेठकडच्या बायका सकाळच्या गाडीला चढतात,
पिशवीत कात्री, फडक्यात नागलीची भाकरी.
चंदरबाई भोयेला एकदाचं विचारलं,
एवढं हिरवं कापताना काही वाटत नाही?
ती म्हणाली, येल सोताहून थांबत नाय बाई.
पानंच पानं करत ऱ्हातो.
मग अर्ध्या तिकिटाचे सुट्टे माझ्या हातावर मोजले,
आणि उतरता उतरता म्हणाली,
कापल्यावर काडीच्या टोकाला पाणी सुटतं दोन दिवस.
ते पुसत बसायचं नाय.

*

रकाना रिकामाच दिला.
देवरेंनी न बघता शिक्का मारला.
एकवीस वर्षं कुणी वाचतच नव्हतं की काय!

*

पहिल्या दिवशी चार चाळीसलाच जाग आली.
अंधारात पाय चपला शोधत होते.
परत आडवी झाले. छताकडे बघत.
पंख्याच्या एका पात्याला जळमट आहे.
ते आधीपासूनच असणार.

मग ऊन आलं. भादव्याचं, चटका देणारं, खरं.
चार महिन्यांच्या कुबट गोधड्या गच्चीवर नेल्या,
जुनी चामडी बॅगही,
मशीन आल्यापासून खिळ्याला टांगलेली.
तिच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी धरली होती.
खोबरेल लावून पुसली.
तोच पट्टा जिथे रुतायचा
त्या खांद्यालाही उरलेलं तेल चोळलं.
हात नीट पोचत नव्हता. तरी चोळलं.

दुपारी टबात कोमट पाणी, मूठभर मीठ.
पाय बुडवले आणि तीनदा उठायला निघाले :
एकदा कुकरची शिट्टी शेजारच्यांची निघाली,
एकदा वाटलं गॅस चालू आहे,
तिसऱ्यांदा काहीच नव्हतं,
नुसती सवय, घंटीच्या दोरीसारखी, आतून ओढणारी.
बसले.
पाणी गार होईपर्यंत बसले.
डोळ्यांतून थोडं आलं, का ते कळलं नाही.
हात ओले होते. पुसलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर
गोधडी अजून गरम होती, तिच्यावरच टेकले.
घोट्यावर अंगठा दाबला
आणि खळगा भरून यायची वाट बघत मोजत राहिले.
अठरा.
काल सव्वीस झाले होते.